मोठ्या आवाजाचे उपकार

गोंदिया जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आता गावाचा स्वतःचा स्पीकर आहे. भजनी मंडळाकडे असतो, दुर्गोत्सव मंडळाकडे असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत कपाटाशेजारी कापड घालून ठेवलेला असतो, ग्रामपंचायतीत खुर्च्यांच्या थप्पीमागे असतो. पूर्वी एवढ्यासाठी बिछायत केंद्राकडे जावे लागे. मशीन वेगळे, भोंगे वेगळे, तारांचे भेंडोळे वेगळे, आणि ते सगळे जोडणारा माणूसही वेगळा. आता मशीन स्पीकरच्या पोटातच बसवलेले असते. वीज जोडली, माइक खुपसला की सभा सुरू. वर्गणीच्या आवाक्यातली ही सोय आहे आणि तिने लहान गावांचे भले केले आहे, याबद्दल दुमत नसावे. आज गौरव करायचा आहे तो त्याच्या पुढच्या गोष्टीचा. हा स्पीकर आपण ज्या रीतीने निवडतो, त्या रीतीची थोरवी अजून कोणी लिहून ठेवलेली नाही.

गोंदियाच्या बाजारात समितीचे चौघे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, किती वॅटचा आहे जी?" दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो. शेजारच्या गावाने मागच्या वर्षी घेतलेल्या स्पीकरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. नवा त्याहून मोठा निघाला की निम्मे काम झाले. मग जाळीमागे फिरणारे रंगीत दिवे बघून होतात. मग दुकानदार मोबाइलवरून धुमाल लावतो, छाती हादरते, फळीवरचे डबे थरथरतात आणि चौघेही एकमेकांकडे पाहून माना डोलावतात. माइकवर कोणी बोलून पाहत नाही. पुढची कैक वर्षे या स्पीकरवर मुख्यतः माणसे बोलणार आणि गाणार आहेत, ही बाब कोणी मध्ये आणत नाही, म्हणून व्यवहार अर्ध्या तासात आटोपतो. सार्वजनिक पैशाचा निर्णय इतक्या एकमताने होणारी जागा आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल. गाण्यातले कळणारा आणि न कळणारा इथे अगदी एका पातळीवर येतात, कारण निवड कानाने करायचीच नसते.

आकड्यावर विश्वास ठेवणे हा चांगल्या नागरिकाचा गुण आहे, आणि आपण तो पूर्ण ठेवतो. ध्वनीचे गणित मात्र या विश्वासाला साथ देत नाही. १०० वॅटच्या जागी २०० वॅट लावले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट करावे लागतात. दोन गावांची चढाओढ ज्या १,००० आणि १,५०० वॅटवर चालते, त्यांच्यातला फरक २ डेसिबलही भरत नाही. डोळे मिटून उभ्या केलेल्या माणसाला तो सांगता येणे कठीण. शिवाय एक वॅट विजेत स्पीकर एक मीटरवर किती वाजतो, याचा आकडा प्रत्येक पेटीचा वेगळा असतो. एकीचा ९० डेसिबल आणि दुसरीचा ९६ असेल, तर दुसरी पेटी चौथाई वॅटमध्ये पहिलीइतकी वाजते. हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापत नाहीत. मोठ्या अक्षरांत असतो तो 'पीक' वॅट, म्हणजे क्षणभराची उसळी. सतत किती मिळणार ते 'आरएमएस' किंवा 'कंटिन्युअस' या नावाने बारीक अक्षरांत असते, आणि ते सहसा निम्मे, कधी त्याहूनही बरेच कमी निघते. 'पीएमपीओ' नावाचा तिसरा एक आकडा असतो. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नाही, त्यामुळे तो हवा तेवढा मोठा असू शकतो. तीन आकड्यांतून सर्वांत मोठा निवडणाऱ्या समितीला उदारमतवादी म्हणायला हवे.

खरी गरज किती असते, तेही पाहून ठेवू. ९० डेसिबलची साधी पेटी आणि खरे १०० वॅट घेतले तर एक मीटरवर ११० डेसिबल मिळतात. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १६ मीटरवर, म्हणजे पन्नास-बावन्न फुटांवर, ८६ उरतात. आपण समोरासमोर साधे बोलतो ते ६० डेसिबलच्या आसपास असते. समाजमंदिराच्या ओट्यावरचे भजन, शाळेच्या पटांगणातला कार्यक्रम, चावडीपुढची सभा हे सगळे यात आरामात बसते. वरचे ९०० वॅट गावाने निव्वळ दानधर्म म्हणून घेतलेले असतात.

या दानाचा पहिला लाभ ग्रामसभेला होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी गाव जमते. यातला १ मे तर आपल्याला दुहेरी मानाचा, कारण १९९९ साली याच दिवशी भंडाऱ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. सभेत जमाखर्च वाचला जातो. आता बोलण्यातला अर्थ ज्यांच्यावर टिकतो ती स, श, त, ठ, क ही व्यंजने आवाजाच्या वरच्या पट्ट्यात, साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असतात. छाती हलवणारा दणका १०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली असतो. ज्या स्पीकरची निवड दणक्यावर झाली, ज्याची 'बेस'ची कळ उजवीकडे पूर्ण पिळून ठेवली, त्यातून आवाज भरपूर येतो. फक्त सात हजार आणि साठ हजार सारखेच ऐकू येतात. त्यावर 'इको' लावलेला असतो, त्यामुळे एका रकमेची शेपटी संपायच्या आत दुसरी रक्कम सुरू होते. जमाखर्च इतक्या सलोख्याने मंजूर होण्याचे श्रेय केवळ पदाधिकाऱ्यांना देणे या स्पीकरवर अन्याय करणारे ठरेल.

मागच्या बाजूला बाया बसलेल्या असतात. रोवणी-निंदणीची मजुरी बुडवून आलेल्या असतात, कारण आज घरकुलाची यादी वाचणार असे कळलेले असते. यादी वाचली जाते. आपले नाव त्यात होते की शेजारणीचे, हे त्यांना कळत नाही, आणि त्या विचारतही नाहीत. इतक्या मोठ्या आवाजात सांगितलेली गोष्ट आपल्याला ऐकू आली नाही, असे चारचौघांत म्हणायला माणूस धजत नाही. दोष आपल्याच कानांचा असावा असे त्याला वाटते. लहान आवाजाच्या सभेत "काय म्हणाले जी?" असा प्रश्न निदान उठत असे. मोठ्या आवाजाने तो प्रश्न बंद केला. ज्या घराचे नाव कानावेगळे झाले त्या घराला एक पावसाळा आणखी ताडपत्रीखाली काढावा लागू शकतो, आणि त्या घराला ही गोष्ट वॅटांत मोजून सांगता येणार नाही.

जुन्या माणसांना अहुजाचे मशीन आणि ॲल्युमिनियमचा भोंगा आठवतो. त्याचा आवाज कर्कश होता, गाणे त्यातून चपटे होऊन बाहेर पडे. खालचे सूर त्याच्या तोंडातून येतच नसत. बोलण्याचा मधला पट्टा तेवढा तो लांब फेकत असे. त्यामुळे लग्नघरच्या भोंग्यावरची पंगतीची सूचना बांधीत काम करणाऱ्यालाही कळे. यंत्राचा जन्मच त्यासाठी झाला होता. १९ सप्टेंबर १९१९ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो इथे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मॅग्नाव्हॉक्सच्या कर्ण्यांतून सुमारे ५०,००० लोकांपुढे भाषण केले. काचेच्या खोलीत उभे राहून ते बोलत होते, आणि शेवटच्या माणसाला शब्द कळावा एवढ्यासाठी ती सारी खटपट होती. शंभर वर्षांत आपण यंत्राला या एकाच कामाच्या जाचातून सोडवले. आता त्याने काहीही सांगितले नाही तरी चालते, ते वाजले पाहिजे.

दुसरा लाभ कलेला झाला. दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली की इकडे गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, रात्री दंडार, खडी गंमत, कव्वाली, नाटक. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या देसाईगंज म्हणजे वडशाहून निघून गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर असे चार जिल्हे फिरतात. रात्री उघडलेला पडदा पहाटेला पडतो. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावोगावच्या मांडवांत त्याचा अभिमान वाटला. मोठ्या मंडळ्या आपली ध्वनिव्यवस्था सांभाळणारी माणसे बाळगतात, त्यांची काळजी नको. काळजी आहे ती गावच्याच पोरांनी उभ्या केलेल्या दंडारीची, एकांकिकेची, जी गावच्याच स्पीकरवर होते.

तिथे माइक पुढे टांगलेले किंवा स्टँडवर उभे असतात आणि नट त्यांच्यापासून दोन-तीन हात लांब असतात. माइक लांब म्हणून आवाज चढवायचा, चढवला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरायचा आणि शिट्टी वाजायची, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. यावर बिनखर्चाचा उपाय असा की स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, बाजूला सरकवून ठेवावा, म्हणजे माइकला त्याची पाठ दिसेल. आपण तो कलावंतांच्या मागे, पडद्याच्या कडेला ठेवतो, कारण तिथे तो शोभून दिसतो आणि त्याचे दिवेही फोटोत येतात. मग शिट्टी टाळायला आवाज उतरवतात आणि नटाला ओरडावे लागते. त्यातून आपल्या रंगभूमीची नवी शैली घडते आहे. या शैलीत आईने मुलाला हळूच काही सांगणे, मरणाऱ्याने थांबून थांबून बोलणे, असे प्रसंग आपोआप गळतात. सगळी पात्रे सारख्याच त्वेषाने बोलतात, आणि रात्री तीन वाजता मंडपात पेंगणाऱ्यालाही कोणता प्रवेश चालू आहे याची पंचाईत पडत नाही. ज्या प्रेक्षकाने झाडीपट्टीत संवादासाठी रात्र जागवली, डोळ्यांना पदर लावला, त्याला आता रडावे लागत नाही.

भजनाचे पाहू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भाच्या घराघरांत ओळखीची आहे आणि गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना आजही अनेक गावांत संध्याकाळी होते. खंजिरीचा जीव तिच्या कडेच्या झांजांत असतो. तो किणकिणाट आवाजाच्या अगदी वरच्या टोकाला आहे. वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, वाटेत माणसे बसली की त्यांच्या अंगावर आणि कपड्यांत जिरतो; खालचा दणका मात्र माणसांना वळसा घालून सगळीकडे पोचतो. म्हणून स्पीकर डोक्यांच्या वर, सात-आठ फुटांवर, स्टँडवर चढवावा लागतो. आपण तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवतो. स्टँडचे पैसे वाचतात, आणि आवाजाची वाटणीही होते: शब्द आणि झांजा पहिल्या दोन रांगांना, धुमधुम बाकी गावाला. बाजाच्या पेटीवरच्या बुवांनी आयुष्य घालून राखलेला सूर पाचव्या रांगेला कळत नाही. पाचवी रांग मग आपसात बोलू लागते, आणि बुवांना वाटते, लोकांची भक्ती आटली.

पहिल्या रांगेविषयी मात्र उपरोध बाजूला ठेवून बोलले पाहिजे. पहिल्या रांगेत आपण मुले बसवतो. वर हिशेब केलेली १०० वॅटची साधी पेटी दोन मीटरवर १०४ डेसिबल देते. अमेरिकेतील एनआयओएसएच ही कामगार-आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी घालून दिलेली वरची मर्यादाही १५ मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबल हीच आहे. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसाला परत येत नाहीत. गणपतीपुढे, देवीपुढे, लग्नाच्या वरातीत, दर वर्षी थोड्या थोड्या जातात. पोराला वर्गात मागच्या बाकावरून ऐकू येईनासे होते तेव्हा त्याला आपण 'लक्ष नसते' म्हणतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तर हा स्पीकर आपले सारे गुण दाखवतो. सालेकसा किंवा देवरीकडच्या एखाद्या शाळेत पाचवीतली पोरगी सावित्रीबाईंवर भाषण पाठ करून येते. घरी पोवारी किंवा गोंडी बोलणारी असते, पुस्तकातली मराठी तिने महिनाभर घोकलेली असते. तिचा आवाज मुळात बारीक, स्पष्ट, वरच्या पट्टीतला. तो पोचवायला खरे तर काहीच कष्ट नाहीत: माइक तोंडापासून चार बोटांवर धरायचा, 'बेस' उतरवायचा, 'इको' बंद करायचा. पण कळा सकाळच्या नाचाच्या गाण्यांसाठी लावून ठेवलेल्या असतात आणि माइक तिच्या उंचीला कोणी उतरवत नाही. ती टाचा उंचावून बोलते. ती काय बोलली ते तिच्या आईला मागे उभी राहून कळत नाही. आई तरीही सर्वांत आधी टाळ्या वाजवते. या दोघींसाठी स्पीकर चांगला असला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला या साऱ्या विषयात महत्त्वाची वाटते.

माइकचा विषय निघालाच आहे. वर्गणीचे सगळे पैसे वॅटांत घातल्यावर माइक खोक्यात फुकट आला तो वापरतात. आवाज यंत्रात शिरतानाच जो बिघडला तो हजार वॅटांनी सुधारत नाही, बिघडलेलाच मोठा होतो. माइक धरण्याचीही पद्धत आहे. पुढारी माइकची गोल जाळी मुठीत पकडतात. साध्या माइकला समोरचे जास्त आणि मागचे कमी ऐकू यावे म्हणून जाळीच्या मागच्या अंगाला फटी ठेवलेल्या असतात. त्या मुठीने बुजल्या की त्याला चारी बाजूंचे ऐकू येते, स्पीकरचेही, आणि शिट्टी वाजते. मग बोलणारा माइक आणखी घट्ट धरतो. साउंडवाल्या पोराकडे रागाने बघणे हा त्यानंतरचा क्रम आहे. पोरगा बिचारा आवाज उतरवतो. भाषणातला विकासाचा आराखडा त्या क्षणी लोकांना दिसेनासा होतो, आणि याबद्दल सभेत कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

विजेच्या बाबतीत आपली काटकसर वाखाणण्यासारखी आहे. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन सॉकेटात बसत नाही म्हणून ती तोडतात. प्लगच नसेल तर तारेची दोन टोके सोलून सॉकेटात घालतात आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट करतात. स्पीकर सुरू होतो. त्यात घुंईऽऽ असा बारीक आवाज येत राहतो, तोही 'बेस'मध्ये बुडून जातो. तिसरी पिन जमिनीशी जोडणारी असते. ती नसली आणि आत कुठे वीज अंगाला आली, तर ती माइकच्या जाळीपर्यंत पोचते आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या ओठांना लागते. गणपती आपल्याकडे ऐन पावसात येतो. तीन पिनांचा धड सॉकेटबोर्ड आणि मुख्य फळ्यावर वीज अंगाला येताच ती तोडणारा ईएलसीबी एवढ्याला जो खर्च येतो, तो दिवे फिरणाऱ्या स्पीकरच्या आणि बिनदिव्यांच्या स्पीकरच्या किमतीतल्या फरकातून निघू शकतो. दिवे घ्यायचे ठरवणाऱ्यांनी त्यांच्या उजेडात एकदा हा बोर्ड बघून घ्यावा.

न्याय म्हणून सांगितले पाहिजे की बॅटरीवर चालणारा, चाकांचा ट्रॉली स्पीकर अगदीच टाकाऊ वस्तू नाही. लाइट गेली तरी प्रार्थना थांबत नाही, प्रभातफेरीत तो ढकलत नेता येतो, वीस-पंचवीस माणसांच्या बैठकीला पुरतो. त्याची फजिती होते ती त्याला दोनशे माणसांच्या मंडपात उभे केल्यावर.

कायद्याविषयी आपली भूमिका समंजस आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेहून १० डेसिबल वर किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल त्यापलीकडे जाऊ नये असे सांगितले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवला, आणि वर्षात १५ दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीची ही बंदी उचलून धरली. ज्याला ऐकायचे नाही त्याला ऐकवण्याचा हक्क कोणालाही नाही, हे त्या निकालाचे सार. आपण या नियमांचा आदर करतो, आणि म्हणूनच आवाज मोजण्याचे यंत्र मंडपाच्या आसपास येऊ देत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, त्याच दिवसांत महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा आणि पुढे लग्नसराई. अभ्यासाला बसलेल्या पोरांनी या दिवसांत कानात कापूस घालून गणित सोडवण्याची जी एकाग्रता कमावली आहे, तिची नोंद शिक्षण विभागाने घेतलेली नाही.

आपल्या जिल्ह्याच्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी राहते. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः इथेच उरला आहे. नर आणि मादी मिळून साद घालतात ती कित्येक शेते ओलांडून जाते. ती नेमकी सूर्योदयाच्या सुमारास असते, आणि रात्रभरचा कार्यक्रम तोवर संपलेला नसेल तर ती ऐकायला गाव मोकळे नसते.

या साऱ्या सुव्यवस्थेला धोका आहे तो काही हट्टी माणसांचा. सहसा एखादे संगीत शिकवणारे गुरुजी असतात, किंवा बिछायत केंद्रात उमेदवारी केलेला पोरगा. ते म्हणतात, एक मोठा घेण्याऐवजी दहा किंवा बारा इंची दोन लहान घ्या, दोन्ही स्टँडवर चढवा, मंडपाच्या दोन कोपऱ्यांना लावा, म्हणजे पहिल्या रांगेचे कान वाचतील आणि शेवटच्या रांगेला शब्द मिळतील. वॅट विचारू नका, जास्तीत जास्त आवाज किती डेसिबल आणि कोणत्या मोजणीने, ते विचारा. आत दोन वेगळी मशीने आहेत का, वरच्या आवाजाला एक आणि खालच्याला एक, ते बघा. फार चढवल्यावर स्वतःला आवरणारा 'लिमिटर' आहे का बघा, नाहीतर पहिल्याच वरातीत वरचे युनिट जळेल. माइकसाठी तीन टोकांची एक्सएलआर केबल घ्या, लांब तारेतही घुंई फारशी येणार नाही. गोंदियातच दुरुस्ती होईल असा घ्या. नागपूरला पाठवलेला स्पीकर सणाच्या आत परत येईलच असे नाही. वजन उचलून बघा, दहा-पंधरा किलोचा असेल तर मोटारसायकलवर बसतो. उरलेल्या पैशांत एक बरा माइक आणि दोन स्टँड.

यांतली एकही गोष्ट दुकानात छाती हलवून कळत नाही, ही या सल्ल्याची मोठी उणीव. तरीही हे लोक थांबत नाहीत. त्यांची शेवटची मागणी तर अशी की, खरेदीच्या दिवशी आपला माइक, आपली बाजाची पेटी आणि खंजिरी दुकानात न्यावी. 'बेस' आणि 'इको' बंद करायला सांगावे. समितीतल्या एकाने सातबाऱ्यावरचे गट क्रमांक आणि नावे माइकवर वाचावीत, दुसऱ्याने रस्त्याच्या पलीकडे उभे राहून जे ऐकू येते ते कागदावर लिहावे, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावेत. शक्य असेल तर लिहिणारी व्यक्ती एखादी वयस्क बाई असावी, जिला थोडे कमी ऐकू येते आणि जी ग्रामसभेला मागे बसते. दुकानदार याला नाही म्हणणार नाही. त्याला कोणी विचारलेलेच नाही. समितीत ही सूचना मांडली गेली की म्हणतात, तेवढा वेळ कोणाकडे आहे, आणि बाईला गोंदियाला न्यायचे-आणायचे भाडे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. गोंदियाचे भाडे वर्गणीच्या हिशेबात 'इतर खर्च' या रकान्यात बसते, आणि यंदा तिला घेऊन जावे अशी माझी समितीला हात जोडून विनंती आहे.